डीजेवरची सगळी गाणी एकसारखीच का वाटतात?

नागपुरात मिरवणुकांना वर्षभर खंड नसतो. रामनवमीची शोभायात्रा, १४ एप्रिलची जयंती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, गणपती, देवी आणि या सगळ्यांच्या मधे लग्नाच्या वराती. निमित्त वेगळं, रस्ता वेगळा, नाचणारी पोरं वेगळी. पण गाण्यातले शब्द बाजूला ठेवले, तर गाडीवरच्या डीजेतून येणारा आवाज बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघाल्यासारखा असतो. आधी सायरन. मग ज्याने मिक्स केलंय त्याच्या नावाची आरोळी. एखाद्या सिनेमाचा डायलॉग. हळूहळू घट्ट होत जाणारा ठोका. क्षणभर सगळं बंद. आणि मग छातीवर बसणारा दणका.

ही तक्रार फक्त नागपूरची नाही. २०१३ मध्ये डालेरी या नावाने काम करणाऱ्या कलाकारांनी 'एपिक मॅशलेग' नावाचा एक छोटा मिक्स इंटरनेटवर टाकला. इलेक्ट्रॉनिक संगीत विकणाऱ्या बीटपोर्ट या संकेतस्थळावरच्या गाजणाऱ्या गाण्यांचे दणके त्यांनी एकापाठोपाठ एक जोडले होते. गाणी डझनाहून जास्त, पण एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे ओळखणं कठीण. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमाने यावर प्रहसन केलं. त्यातला डीजे स्टेजवर अंडी तळत बसतो आणि हजारो लोक तो बटण कधी दाबतो याची वाट पाहत राहतात.

मग या संगीतात नवं काही घडणं थांबलंय का? थांबलं असेल तर दोष कोणाचा, संगणकाचा, पोरांचा की ऐकणाऱ्यांचा?

आधी शब्द नीट समजून घेऊ

ईडीएम म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक. यंत्रावर तयार केलेलं आणि नाचण्यासाठी बनवलेलं संगीत. हाउस, टेक्नो, ट्रान्स, डबस्टेप, ड्रम अँड बेस अशी त्याची अनेक घराणी आहेत. फेस्टिव्हलमध्ये आतषबाजीसोबत वाजतं ते त्यातलं फक्त एक.

'डीजे' या शब्दाचाही आपल्याकडे अर्थ बदलला आहे. जगभर डीजे म्हणजे गाणी निवडून एकात एक मिसळणारा माणूस. महाराष्ट्रात डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच 'डॉल्बी' म्हणतात. गंमत अशी की डॉल्बी ही कंपनी नावारूपाला आली ती टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. आवाज कमी करणाऱ्याचं नाव आवाज वाढवणाऱ्या भिंतीला लागलं.

शब्दाचा हा बदल पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे. 'डीजे कोण आहे?' यापेक्षा 'डीजे केवढा आहे?' हा प्रश्न जास्त विचारला जाऊ लागला, की गाणं निवडणारा माणूस हळूहळू दिसेनासा होतो.

वरातीत इलेक्ट्रॉनिक आवाज किती जुना?

इलेक्ट्रॉनिक आवाज ही परदेशातून आलेली अलीकडची लाट आहे, असं अनेकांना वाटतं. पण रुमाल तोंडात धरून ज्या बीनच्या सुरावर लोक वरातीत नागीन डान्स करतात, तो सूर १९५४ च्या 'नागीन' चित्रपटातला. संगीत हेमंतकुमार यांचं. आणि ती बीन खऱ्या पुंगीवर वाजलेली नव्हती. पुढे संगीतकार म्हणून गाजलेल्या कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलाइन नावाच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर वाजवली होती. म्हणजे भारतीय वरातीत इलेक्ट्रॉनिक वाद्याचा सूर किमान सत्तर वर्षं नाचवतो आहे.

नागपूरकडे तर याचा स्वतःचा अवतार आहे. संदल म्हणजे चंदन. दर्ग्याच्या उर्सात चंदन वाजतगाजत नेतात, त्या मिरवणुकीला संदल म्हणतात. ताजुद्दीन बाबांच्या ताजबागमुळे नागपुरात हा शब्द सगळ्या धर्मांच्या घरांत माहीत आहे. बोलताबोलता मिरवणुकीचं नाव तिच्यासोबत वाजणाऱ्या ताफ्याला लागलं आणि विदर्भात लग्नालाही 'संदल लावलाय' असं लोक म्हणू लागले. छत्तीसगडच्या बाजूला अशाच ताफ्याला धुमाल म्हणतात.

या ताफ्यात ढोल-ताशासारख्या चामड्याच्या वाद्यांसोबत कीबोर्ड असतो. त्याला सगळे 'कॅसिओ' म्हणतात, कंपनी कोणतीही असो. ऑक्टोपॅड असतो. काही ठिकाणी बँजो असतो, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं आपलं बुलबुलतरंग. सगळ्यांचा आवाज गाडीवरच्या स्पीकरमधून बाहेर येतो. वीज, यंत्र आणि नाच या तिन्ही गोष्टी इथे आहेत. व्याख्येने पाहिलं तर संदलही इलेक्ट्रॉनिक नाच-संगीतच आहे.

फरक एकच. ते त्या क्षणी, समोरच्या माणसांकडे बघून वाजवलं जातं. नवरदेवाचा मामा रंगात आला, तर कीबोर्डवाला तीच ओळ चारदा घोळवतो. नाचणारे दमले, तर ताशा उतरतो. हा फरक लक्षात ठेवायचा, कारण पुढचा सगळा मामला त्याच्याभोवती फिरतो.

दणक्याचं गणित

फेस्टिव्हलमधल्या ईडीएमचा ठरलेला वेग मिनिटाला १२८ ठोके. चार ठोक्यांचा एक बार. १६ बार म्हणजे बरोबर ३० सेकंद आणि ३२ बार म्हणजे बरोबर एक मिनिट. बहुतेक गाणी ८, १६ आणि ३२ बारच्या ठोकळ्यांनी बांधलेली असतात. सुरुवातीला नुसता ठोका, मग धून, मग ठोका काढून घेतलेला शांत भाग, मग चढण, मग दणका. या दणक्याला 'ड्रॉप' म्हणतात. नंतर हेच पुन्हा एकदा आणि शेवटी पुन्हा नुसता ठोका.

ही रचना आळसातून आलेली नाही. डीजेला एक गाणं वाजत असतानाच दुसरं त्याच्यात मिसळायचं असतं. दोन्ही गाण्यांचे ठोकळे सारख्या मापाचे असले आणि दोन्हींच्या टोकांना नुसता ठोका असला, तर सांधा जुळतो. विटा एका मापाच्या असाव्या लागतात, तसंच हे.

चढणीच्या युक्त्याही ठरलेल्या आहेत. ठोक्यांची संख्या दुप्पट, मग चौपट करायची. एक सूं-सूं आवाज खालून वर न्यायचा. खर्जाचा आवाज काढून घ्यायचा, म्हणजे तो परत आला की दुप्पट जड वाटतो. शरीराला कमतरता जाणवून द्यायची आणि मग ती भरून काढायची. हे काम करतं म्हणूनच सगळे करतात. आणि सगळे करतात म्हणूनच कानाला ते आधीच कळतं.

तेच तेच वाजवणं म्हणजे साचलेपण नाही

इथे एक गल्लत होते. 'हे संगीत सारखं तेच तेच वाजवतं, म्हणून ते निकृष्ट' असं म्हटलं जातं. पण पुनरावृत्ती हा नाचाच्या आणि भक्तीच्या संगीताचा पाया आहे. दिंडीतला टाळ-मृदंग तासन्‌तास एका चालीवर असतो. भजनातला धुमाळी किंवा केहरवा बदलत नाही. कोणी त्याला साचलेलं म्हणत नाही.

तबल्यातला कायदा पाहिला की फरक स्पष्ट होतो. कायद्याचे बोल ठरलेले. त्या बाहेरचा बोल घ्यायचा नाही. पण त्याच बोलांची उलटापालट करून वादक एकामागून एक पलटे काढतो. चौकट तीच, पलटा नवा. चौकट हा प्रश्न नाहीच. पलटे निघणं बंद झालं, की साचलेपण येतं.

म्हणून विचारायचा प्रश्न असा की या संगीतात एके काळी पलटे कसे निघत होते आणि आता ते कमी का झाले?

एक बिनकामाचं यंत्र आणि चार वेळा वाजलेलं गाणं

१९८१ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाचं छोटं यंत्र बाजारात आणलं. एकट्याने सराव करणाऱ्या वादकांना बेस गिटारची साथ मिळावी, हा हेतू. ते बेस गिटारसारखं वाजत नव्हतं आणि वापरायला किचकट होतं. १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केलं. उरलेली यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात गेली.

शिकागोतल्या फ्यूचर नावाच्या गटातल्या तरुणांच्या हाती असंच एक यंत्र लागलं. ते चालू असताना त्यांनी त्याची बटणं फिरवून पाहिली. चिरकणारा, वळवळणारा, कोणत्याच वाद्यासारखा नसलेला आवाज आला. त्यांनी तो टेपवर घेतला आणि 'म्युझिक बॉक्स' या क्लबचा डीजे रॉन हार्डी याला दिला.

पुढचा किस्सा या संगीताच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो. हार्डीने टेप पहिल्यांदा लावली, तेव्हा नाचणारे गोंधळून बाजूला झाले. त्याने थोड्या वेळाने ती पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा लावली तेव्हा क्लब वेडा झाला. १९८७ मध्ये हीच रेकॉर्ड 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' म्हणून बाहेर आली आणि अ‍ॅसिड हाउस या नव्या शाखेचं नाव पडलं.

या किश्श्यात यंत्रापेक्षा 'चार वेळा' हा तपशील महत्त्वाचा आहे. नवा आवाज पहिल्यांदा बहुतेकांना आवडत नाही. तो आवडेपर्यंत कोणीतरी रिकाम्या होणाऱ्या फ्लोअरची जोखीम घ्यावी लागते. हार्डीला ती घेता आली, कारण लोक रात्रभर तिथेच असणार होते आणि त्यांचा त्याच्यावर विश्वास होता.

मुंबईचा आवाज ज्याला फ्लोअरच मिळाला नाही

याच्या पाच वर्षं आधी हेच यंत्र मुंबईत वाजलं होतं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटगीतांत अनेक वर्षं वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एकत्र जोडून भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. रेकॉर्डचं नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'.

ती फारशी कोणी घेतली नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरचे श्रोते चकित झाले. हे तर अ‍ॅसिड हाउस, आणि तेही अ‍ॅसिड हाउसच्या आधी! सिंग यांना उतारवयात परदेशातल्या मंचांवर वाजवायला मिळालं. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

'अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला' असं म्हणणं मात्र बरोबर नाही. शिकागोच्या तरुणांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा पुरावा नाही. आवाज मुंबईत निर्माण झाला, पण त्यातून परंपरा निर्माण झाली नाही. रात्री ती रेकॉर्ड चारदा लावणारा डीजे, तिच्यावर नाचणारे तेच तेच लोक, ते ऐकून घरी जाऊन स्वतः काहीतरी करून बघणारी पोरं, यातलं काहीच तिच्याभोवती नव्हतं. प्रतिभा आणि यंत्र दोन्ही असूनही पलटा पुढे गेला नाही.

गोव्यात उलट घडलं

गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात पार्ट्या रात्रभर आणि सकाळी उन्हं वर येईपर्यंत चालायच्या. उष्णतेत आणि धुळीत रेकॉर्ड वाकतात, म्हणून डीजे कॅसेट आणि डॅट टेप वापरायचे. युरोपातून आलेल्या गाण्यांतले गायनाचे भाग काढून टाकायचे, वाद्यांचे तुकडे लांबवायचे. त्यातून १९९० च्या दशकात गोवा ट्रान्स जन्माला आला. मूळचा कॅलिफोर्नियाचा आणि गोव्यातच स्थायिक झालेला गोवा गिल हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. २०२३ मध्ये त्याचं निधन झालं.

तिथे मोठं भांडवल नव्हतं आणि महागडी यंत्रंही फारशी नव्हती. पण लांब रात्र होती आणि घाई नसलेले लोक होते. पुढे गोवा ट्रान्स जगभर गेला, सायट्रान्स झाला आणि त्याचेही ठरलेले वेग, ठरलेले आवाज तयार झाले. नवी वाट निघते, तिचा रस्ता होतो आणि काही वर्षांनी त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कठडे बसतात. प्रत्येक शाखेचा असा प्रवास झाला आहे.

मग गाडी अडली कुठे?

पहिलं कारण, वाजवायची जागा आणि वेळ बदलली. २००७ मध्ये गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सनबर्न फेस्टिव्हल सुरू झाला आणि भारतात ईडीएम मैदानावर आलं. २०१६ मध्ये तो पुण्याला आला. मोठ्या मंचावर कलाकाराला तास-दीड तास मिळतो. दिवे, पडद्यावरची चित्रं, आतषबाजी सगळं गाण्याशी आधी जुळवलेलं असतं. लोकांनी आठवडे आधी तिकीट काढलेलं असतं आणि त्यांना ओळखीचं गाणं हवं असतं. कॅनडाचा निर्माता डेडमाउस याने २०१२ मध्येच उघड लिहिलं होतं की मोठ्या मंचावरचे बहुतेक जण, तो स्वतःही, मुख्यतः प्ले दाबतात. इथे गाणं चौथ्यांदा लावायची सोय नाही. पहिल्याच फटक्यात चाललं पाहिजे.

दुसरं कारण, तयार माल. एके काळी आवाज शोधावा लागायचा. आज किक, टाळी, चढणीचा सूं-सूं, हलगीचा लूप, नाशिक ढोलचा लूप, सायरन, सगळं फोल्डरमध्ये तयार मिळतं. त्यामुळे कमी साधनं असलेल्या पोरांनाही दार उघडलं, हे चांगलंच झालं. पण हजारो पोरं त्याच फोल्डरमधला तोच हलगीचा तुकडा वापरतात, तेव्हा शंकरपटाच्या गाण्यातही तीच हलगी आणि हळदीच्या गाण्यातही तीच.

तिसरं कारण, मोजणी. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं की एक स्ट्रीम धरला जातो. त्याआधी कोणी पुढे गेलं, तर पैसे नाहीत. २०२४ पासून वर्षाला एक हजारपेक्षा कमी स्ट्रीम झालेल्या गाण्याला तिथे मोबदलाच मिळत नाही. रीलमध्ये तर पंधरा-वीस सेकंदच हातात असतात. मग तीन मिनिटांची चढण कोण बांधणार? दणका पुढे येतो आणि बाकी सगळं गळून जातं.

चौथं कारण कायद्याचं आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. नागपूर, अमरावती, सांगली, कुठलाही रिमिक्स करणारा तरुण सहसा दुसऱ्याच्या गाण्यावर काम करतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, जुन्या गाण्याची परवाना घेऊन नवी आवृत्ती काढायची, तर मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झालेली असावी लागतात आणि गाण्यात मोठा बदल करायला हक्कदाराची संमती लागते. मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा वापरायचा तर वेगळी परवानगी. ही परवानगी मिळवण्याइतके पैसे आणि ओळखी त्याच्याकडे नसतात. यूट्यूबवर टाकलेलं मिक्स कधीही उडू शकतं. म्हणजे त्याने कितीही डोकं लावलं, तरी त्या गाण्यावर त्याची मालकी नाही आणि गाण्यातून कमाई नाही. नाव व्हावं म्हणून तो गाण्यात स्वतःच्या नावाची आरोळी टाकतो. ती आरोळी ऐकून आपण हसतो, पण तीच त्याची एकमेव सही असते.

नवं सुचलं नाही, की आवाज वाढतो

१९३३ मध्ये अमेरिकेतल्या फ्लेचर आणि मुन्सन या संशोधकांनी दाखवलं की कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. आवाज वाढला की खर्ज भरून येतो. म्हणूनच तेच गाणं मोठ्याने लावलं की 'भारी' वाटतं. दोन मंडळांचे डीजे चौकात समोरासमोर आले आणि दोघांकडे तीच गाणी असली, तर एकच गोष्ट उरते : कोणाचा दणका मोठा?

याची किंमत शरीर मोजतं. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल अमेरिकेतल्या निओश या संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबल आणि आठ तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. मिरवणूक तासन्‌तास चालते आणि गाडीच्या अगदी पुढे बहुतेक वेळा लहान मुलं नाचत असतात.

भारतात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकीत डीजे आणि डॉल्बीला परवानगी द्यायला नकार दिला होता. नियम आवाजाची पातळी ठरवू शकतो. आवाजात काय असावं, हे त्याला ठरवता येत नाही.

संशोधन काय म्हणतं?

'पूर्वीची गाणी वेगवेगळी होती, आता सगळी सारखी' हे प्रत्येक पिढी म्हणते. म्हणून मोजून पाहणं बरं.

२०१२ मध्ये बार्सिलोनातल्या जोआन सेरा आणि सहकाऱ्यांनी १९५५ ते २०१० मधल्या चार लाख साठ हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरांच्या जोडण्यांतलं वैविध्य कमी झालं, आवाजाचे पोत एकसारखे होत गेले आणि रेकॉर्डिंगची पातळी वाढत गेली, असं त्यांना दिसलं. तक्रार करणाऱ्यांना हवा असलेला पुरावाच हा.

पण २०१५ मध्ये लंडनमधल्या मॅथियास माउख आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या यादीत गाजलेली सुमारे १७ हजार गाणी तपासली. त्यांना सतत घसरण दिसली नाही. १९६४, १९८३ आणि १९९१ च्या आसपास संगीत झपाट्याने बदललेलं दिसलं. वैविध्य तळाला गेलं ते १९८० च्या दशकाच्या मध्यात, ड्रम मशीन आणि सिंथेसायझर सगळीकडे पोचले तेव्हा. नंतर ते पुन्हा वर आलं. १९९१ चा बदल तर हिप-हॉपचा, म्हणजे त्याच ड्रम मशीनवर आणि जुन्या रेकॉर्डच्या तुकड्यांवर उभा राहिलेला.

हे दोन्ही अभ्यास लोकप्रिय संगीताचे आहेत, फक्त ईडीएमचे नाहीत. तरी एक गोष्ट कळते. यंत्र आल्यावर सुरुवातीला सगळे सारखं वाजवतात. मग कोणीतरी ते चुकीचं वापरतं आणि वाट फुटते. साचलेपण कायमचं नसतं, पण ते आपोआपही जात नाही.

कोंडी फुटते कुठे?

सध्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं. गेल्या दशकात तिथल्या वस्त्यांमधून अमापियानो नावाचा प्रकार पुढे आला. वेग फेस्टिव्हलच्या ईडीएमपेक्षा कमी, दणक्याची घाई नाही आणि खर्जाला 'लॉग ड्रम' नावाचा लाकडी, डुलणारा आवाज. हा आवाज आला एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधल्या एका साध्या जोडणीतून. हेच सॉफ्टवेअर महाराष्ट्रातली हजारो पोरंही वापरतात. गाणी पसरली ती टॅक्सीतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून, वस्तीतल्या छोट्या नाचांमधून. यंत्र तेच होतं. वेगळी होती ती करून पाहायची जागा.

मराठीतही हालचाल आहे. पुण्याच्या रित्विझने लहानपणी शास्त्रीय गायन शिकून पुढे इलेक्ट्रॉनिक संगीत केलं आणि २०१७ मधल्या 'उड गये' या गाण्याने स्वतःची ओळख तयार केली. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे गाणं स्पिनिन या डच कंपनीकडून बाहेर आलं. हाउसच्या ठोक्यावर मराठी शब्द बेधडक चालवणाऱ्या या प्रकाराला क्रेटेक्स 'एम-हाउस' म्हणतो. जुन्या गाण्याचा तुकडा उचलण्याऐवजी मूळ गाणंच मराठीत रचलेलं, त्यामुळे हक्कही स्वतःचा.

आता एका यशानंतर त्याच्या शंभर नकला येण्याचा धोका असतोच. त्यातून पलटे निघतात की फक्त प्रती, हे पुढच्या काही वर्षांत दिसेल.

नागपूरच्या हातात काय आहे?

नागपूरजवळ अशी एक गोष्ट आहे जी फेस्टिव्हलच्या मैदानाजवळ नाही. रस्त्यावर, माणसांकडे बघून यंत्र वाजवणारे वादक. संदलमधला कीबोर्डवाला आणि ऑक्टोपॅडवाला रोज हार्डीसारखीच परीक्षा देत असतात. ओळ चालली नाही तर बदल, चालली तर घोळव. तेही बहुतेक वेळा गाजलेलीच गाणी वाजवतात आणि अलीकडे डीजे मिक्सची नक्कलही करतात. पण त्यांच्या हातात थांबवणं, लांबवणं आणि वळवणं आहे. फाइलच्या हातात ते नाही.

संदल परवडत नाही म्हणून डीजे लावला जातो, असं अनेक घरांत घडतं. माणसं जास्त, त्यांचं मानधन, जेवण, ने-आण. डीजेला मोजकी माणसं पुरतात. हिशेब चूक नाही. पण त्या हिशेबात वादकाचा रोजगार जातो आणि रिमिक्स करणाऱ्या पोराला ज्याच्याकडून शिकता आलं असतं, तो माणूसही जातो. लॅपटॉपवरचा मुलगा आणि ताशेवाला एका गाडीवर आले, तर काय वाजेल हे आज कोणालाच माहीत नाही. कारण तशी गाडी क्वचितच निघते.

पुढच्या मिरवणुकीत एक साधी चाचणी करून पाहता येईल. चढण सुरू झाली की मनात सेकंद मोजायचे आणि दणका कधी पडणार ते आधीच ठरवायचं. अंदाज प्रत्येक वेळी बरोबर आला, तर गाडीवर फाइल वाजते आहे. एकदा तरी चुकला, तर गाडीवर कुठेतरी माणूस आहे. लग्नात तारीख ठरवताना, मंडळात वर्गणीचा हिशेब करताना त्या माणसासाठी थोडी जागा ठेवली, तर पलटा निघायला तेवढी पुरते. पण पहिल्यांदा लोक नाचायचे थांबले, म्हणून लगेच 'दुसरं लाव' असं मात्र ओरडायचं नाही.